ड्रमभोवतीच्या नोकऱ्या

माझ्या मुलीने हौसेने एका रविवारच्या वर्गात नाव घातलं, दोन जाड काचा घरी आणल्या, आणि महिन्याभरात नोकरी लागली म्हणून बंगळूरला निघून गेली. काचा राहिल्या आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत, तांदळाच्या डब्यामागे. एकेक ताटलीएवढी गोल आणि दोन बोटं जाड. तांदूळ काढताना दर वेळी पायावर पडतील अशी धास्ती. तीन महिने मी सहन केलं. मग एका रविवारी दोन्ही काचा पिशवीत घातल्या आणि परत करायला लालबागला निघाले. मला राग लवकर येतो, हे आमच्या अख्ख्या चाळीला माहीत आहे. पोरींना भलत्या नादाला लावता आणि निस्तरायला आयांना ठेवता, असं सगळं भाषण मी वाटेत तयार केलं होतं.

वर्ग भरायचा एका गणपती मंडळाच्या खोलीत. खोली कसली, गोदामच. गेल्या कित्येक वर्षांच्या सजावटीचं सामान तिथे येऊन पडलेलं. पुठ्ठ्याचे ढग छताला टांगलेले, फायबरचे खांब आडवे, कोपऱ्यात मान मोडलेला एक हंस. मधोमध वाळू भरलेला लोखंडी ड्रम. ड्रमवर फळी, फळीवर घट्ट बसवलेली एक काच, त्या काचेवर दुसरी काच, आणि ती दोन्ही हातांनी पुढेमागे सरकवत एक म्हातारे गृहस्थ ड्रमभोवती सावकाश चालत होते. चारदोन हात मारले की एक पाऊल. पुन्हा चारदोन हात, पुन्हा एक पाऊल. आवाज असा, की लांब कुणाच्या तरी घरी पाट्यावर वाटण चाललंय. झरोक्यातून ऊन ढगांवर पडलं होतं. मी पिशवी हातात धरून किती वेळ उभी राहिले मला सांगता येणार नाही. भाषण कुठे गेलं देव जाणे.

ही सगळी दुर्बिणीचे आरसे करणारी हौशी माणसं होती. दोन सपाट काचांच्या मध्ये पाणी आणि करकरीत भुकटी घालून घासत राहिलं, की वरची काच खोलगट होत जाते आणि खालची फुगते. का, ते मला तिघांनी तीन प्रकारे समजावलं आणि एकाचंही कळलं नाही. पण होतं खरं. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी राळेच्या चकतीवर गुलाबीसर पावडरने चकाकी. महिनोन् महिने लागतात. काचा परत घ्यायला कुणी तयारच होईना. म्हातारे गृहस्थ म्हणाले, आणल्याच आहेस तर लाव ड्रमवर.

त्यांना सगळे काका म्हणत. मीही म्हणायला लागले.

तिथली एक रीत होती. नवीन माणसाने नवीन काच लावली, की पहिल्या दिवशी ड्रमभोवती फिरता फिरता आपल्या नोकऱ्या सांगायच्या. पहिलीपासून सुरुवात करायची आणि एकही गाळायची नाही. नाव, गाव, जात, पगार कुणी विचारत नसे. फक्त काय काय काम केलंस ते. काकांचं म्हणणं, नुसतं घासायला लावलं की माणूस घाई करतो, स्वतःचं सांगायला लागला की हात आपोआप लयीत येतो. आणि दुसरं कारण ते नंतर हळूच सांगायचे. ज्या नोकरीत माणूस दुखावलेला असतो, तिथे आला की काचेवर जोर पडतो, आवाज बदलतो. काका डोळे मिटून ऐकत बसत आणि नेमके तिथेच म्हणत, "हळू."

लोअर परळच्या एका चकचकीत ऑफिसातला एक तरुण यायचा. हल्ली काय करतोस विचारलं तर कंटेंट लिहितो म्हणायचा. म्हणजे काय, तर तेही त्याला धड सांगता येईना. आम्ही त्याची इतकी टर उडवली, की शेवटी तो म्हणाला, लोक वाचत नाहीत असं काहीतरी लिहितो, बस झालं? त्याने आपली सगळी मालिका हसत सांगितली: पिझ्झा पोचवला, मोबाईलच्या दुकानात सिम विकली, रात्रपाळीत परदेशातल्या लोकांच्या शिव्या फोनवर खाल्ल्या. हसतच सांगत होता, पण त्या शिव्यांपाशी काच किंचाळली. काका म्हणाले, हळू. पोरगा पुढचा अर्धा तास नुसता घासत राहिला, आणि कुणी त्याची टर उडवली नाही.

दुसरी परळच्या एका मोठ्या इस्पितळातली नर्स. वडाळ्याला माहेर, बाप रेल्वेच्या यार्डात, आई चार घरची धुणीभांडी. तिने सोळाव्या वर्षी अगरबत्त्या वळण्यापासून सुरुवात केली, मग आयाचं काम केलं, मग आयाचं करता करता शिकून नर्स झाली. तिची काच पहिल्यापासून शेवटपर्यंत एका सुरात वाजली. एवढ्या खस्ता खाऊन बाई कुठेच अडली नाही, याचा मला तेव्हा हेवा वाटला होता.

माझी पाळी आली तेव्हा मी एका वाक्यात उरकलं. "मी काही करत नाही, घरीच असते." आणि घासत राहिले. ड्रमभोवती एक फेरी झाली, दुसरी झाली. काका डोळे मिटूनच म्हणाले, "काही करत नाहीस तर एवढा जोर कशाला गो बाय?"

मला इतका संताप आला. त्यांना काय करायचंय? पण तोंडाने मी बोलतच सुटले. लग्नाआधी दादरच्या एका साडीच्या दुकानात दोन वर्षं गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घातल्या. तिथला साड्यांचा वास अजून स्वप्नात येतो. लग्न झालं, सासूबाई म्हणाल्या आमच्यात बायका दुकानात उभ्या राहत नाहीत. मग घरात बसून साड्यांना फॉल लावायला घेतला. पंचवीस वर्षं लावतेय. या भागातल्या निम्म्या लग्नांतल्या साड्यांच्या काठाला माझा टाका असेल. पण घरात कुणीही आलं, की ही बसल्या बसल्या काहीतरी करते, असंच म्हणतात, आणि मीही तेच म्हणायला शिकले होते. सांगून झालं तेव्हा लक्षात आलं, हात कधीचा सैल पडला होता. त्या रविवारपासून मी कधी चुकले नाही. नवरा म्हणायचा, काच परत करायला गेलेली बाई काचेसकट गेली.

काकांच्या नोकऱ्या मी तुकड्यातुकड्यांनी ऐकल्या. विसाव्या वर्षी कोकणातून येऊन मिलमध्ये विणकर. चार साचे एकटे सांभाळायचे. इथे मागाला साचा म्हणत. मिल बंद पडली. मग गिरगावात एका नाटकाच्या थिएटरात पडदा ओढायचं काम. आतून नाटक कधी दिसायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि बरोबर वाक्याला दोर सोडायचा. मग तिथल्याच गल्लीत चष्म्याच्या काचा घासायचा छोटा कारखाना, तिथे पंचवीस वर्षं. निवृत्त झाले तरी हाताला काच हवी होती, म्हणून इकडे. ते सांगायला लागले की मला वाटायचं आपण एका लांबलचक दुपारीत चालतोय, साचे थांबतायत, पडदा वर जातोय, आणि कुणीतरी आपल्या नाकावर चष्मा बसवून विचारतंय, आता दिसतं का बघा.

पण एक गोष्ट त्यांनी सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवली होती. आजवर पंधरावीस जणांचे आरसे त्यांच्या हाताखालून गेले होते. स्वतःचा एकही नव्हता. आता एकच करायचा होता, आणि त्यातून चंद्र बघायचा होता. दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून शंभरदा बघितला होता, आपल्या काचेतून एकदा बघायचा होता. आणि घाई होती. काचबिंदूने डावा डोळा गेला होता, उजव्याचं दिसणं चहूबाजूंनी आत आत येत चाललं होतं. नर्स त्यांना दर महिन्याला डॉक्टरांकडे न्यायची. डॉक्टर म्हणाले होते, किती टिकेल सांगता येत नाही, काय बघायचं ते बघून घ्या. काकांनी हिशेब केला होता, होळीपर्यंत आरसा होईल. पौषात त्यांची काच शेवटच्या बारीक भुकटीपर्यंत आली. तळहातावर घेतली की दुधावरची साय धरल्यासारखी वाटायची.

आता माझं सांगते. त्या खोलीत भिंतीवर सहा खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक फडकं. जाड भुकटीचं वेगळं, बारीकचं वेगळं, प्रत्येकाचा पाण्याचा मगही वेगळा. सगळी फडकी मळकट, कडक झालेली, बघवत नव्हती. मला वाटलं, माणसांचा आळस, दुसरं काय. एका रविवारी सगळे गेल्यावर मी ती सहाही फडकी काढली, घरी नेली, एकाच बादलीत धुण्याची पावडर टाकून रात्रभर भिजवली, खसाखसा धुतली, गॅलरीत वाळवली आणि वर इस्त्री केली. पुढच्या रविवारी लवकर जाऊन जिथली तिथे टांगली. सगळ्यांनी वाहवा केली. नर्स म्हणाली, आता कसं इस्पितळासारखं वाटतं. मीही फुगले.

तासाभराने काकांच्या काचेतून कर्र असा आवाज आला. एकदाच. खोलीत सगळ्यांचे हात थांबले. काकांनी काच उचलली, धुतली, उजेडात तिरपी धरली. एका कडेपासून जवळजवळ मध्यापर्यंत ओरखडा. त्यांना तो दिसला नाही. नखाने चाचपला तेव्हा कळलं.

मला त्याच क्षणी समजलं. एक कच्च्या रंगाची लाल साडी बादलीत पडली की बाकीच्या सगळ्या धुण्याचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? जाड भुकटीचा एखादा कण बारीकच्या फडक्यात बसला होता. त्या सहा खिळ्यांना काहीतरी अर्थ होता आणि मी शहाणीने तो धुऊन, इस्त्री करून टाकला होता. पण मी काही बोलायच्या आतच काका म्हणाले, "माझीच चूक. डोळ्याने दिसत नाही, ड्रम नीट धुतला गेला नसेल." आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला ओरखड्यापेक्षा जास्त वाटते, आजही.

तो आठवडा मी फॉल लावताना बोटं टोचून घेत घालवला. चिडचिड सगळी घरच्यांवर. रागही कुणाचा, तर काकांचा. कशाला स्वतःवर घेतलं? मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं ना. असे सगळे बहाणे करून झाले, आणि शनिवारी दुपारी मी हातातली साडी खाली ठेवून सरळ त्यांच्या खोलीवर गेले. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहायचे. दारातच उभी राहून सांगून टाकलं. फडकी मी धुतली, सगळी एका बादलीत, तुमचा डोळा नाही, माझे हात.

मला वाटलं, घालतील आता चार शिव्या, आणि घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, इस्त्री पण केलीस? मी हो म्हटलं. ते हसले, पण नीट हसू नव्हतं ते. म्हणाले, साच्यावर धागा तुटला की बोंब मारून काही होत नाही. गाठ मारायची आणि साचा चालू करायचा. मला दोन महिने मागे जावं लागणार, आणि माझ्या खांद्यात आता तेवढा जोर नाही.

"उद्यापासून दुपारची ये," म्हणाले. "हात तुझे, काच माझी."

मंडळाकडून नर्सने खोलीची किल्ली मागून घेतली. रोज जेवणं आटोपली की मी लालबागला जायची. काका पुठ्ठ्याच्या ढगाखाली स्टुलावर बसायचे आणि मी त्यांची काच घेऊन ड्रमभोवती फिरायची. पुन्हा जाड भुकटी, पुन्हा मधली, पुन्हा बारीक. सहा खिळ्यांना सहा फडकी, मळकीच. दुपारी तिथे एक प्रकारची गुंगी असायची. बाहेर कुणीतरी ताशा तापवत असायचं, कुठल्यातरी खिडकीतून कुकरची शिट्टी, आणि आत नुसतं घस्स, घस्स. चालता चालता मला वाटायचं मी नाही फिरत, खोलीच माझ्याभोवती फिरतेय, हंस, खांब, काका, हंस, खांब, काका. काका मधूनच सांगायचे की आता पाणी कमी झालं, आता भुकटी मेली, नवी घाल. हे सगळं आवाजावरून. मी बघूनही मला कळत नसे. दुर्बिणीची लाकडी नळी त्यांनी केव्हाच करून ठेवली होती. मी दमले की ते जाऊन तिच्यावर हात फिरवत बसत.

होळी गेली. गुढीपाडवा गेला. चकाकीला सुरुवात झाली आणि एका दुपारी काकांनी विचारलं, आज ढग काढून ठेवलेत का? ढग त्यांच्या डोक्यावरच होते. मी आधी "हो, काढलेत" म्हणाले आणि मग स्वतःचाच राग येऊन, नाही, आहेत, असं खरं सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, तीनचार दिवस झाले. सकाळी उठलो तर सकाळ नव्हती. नर्स त्यांना लगेच घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, थेंब बदलून दिले, आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं की आता उपयोग नाही. होळीला तो डोळा होता. मी ती फडकी धुतली नसती तर त्यांना दिसलं असतं. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही, म्हणून मीच इथे लिहून ठेवतेय.

मला वाटलं ते आता काच नको म्हणतील. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कंटेंटवाल्याचा हात धरून ते आपले हजर. म्हणाले, चकाकी अर्धवट टाकत नाहीत.

वैशाखात आरसा तपासला. खोली अंधारी करायची, एक बारीक दिवा, समोर आरसा, आणि डोळ्याजवळ दाढीचं पातं धरून बघायचं. काच अशी दिसते की जणू समोर एक गोल, करड्या रंगाचं अंगण आहे आणि त्यावर तिरपं ऊन आहे. कुठे खळगा असेल, उंचवटा असेल तर सगळं कळतं. काकांनी मला बसवलं आणि स्वतः चाचपत जाऊन आरशावर अंगठा टेकवून पाच आकडे मोजले. अंगठा काढला तर काचेवर एक टेकडी उभी. हाताच्या उबेने काच तेवढ्यात फुगली होती. ते तिथूनच विचारत होते, आहे का? मी म्हटलं आहे. अजून आहे? आहे, पण उतरतेय. मिनिटामिनिटाने ती टेकडी विरघळत गेली आणि अंगण पुन्हा सपाट झालं. एवढं बारीक जर दिसतंय, तर आरसा चांगलाच झालाय, काका म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

अष्टमीला सगळे नर्सच्या इमारतीच्या गच्चीवर जमलो, दिवेलागणीला. सूर्य नुकताच गेला होता आणि अर्धा चंद्र बरोबर डोक्यावर. काचेला अजून चकचकीत धातूचा मुलामा दिला नव्हता, पण चंद्रापुरती नुसती काचही चालते. कंटेंटवाल्याने नळी लावली. सगळ्यांना वाटत होतं पहिल्यांदा काकांनीच डोळा लावावा. ते म्हणाले, उगाच नाटकं नकोत. हिला बसवा.

मी डोळा लावला. काका माझ्या बाजूला, एक हात नळीवर. "सांग," म्हणाले. "घाई नको करू. कडेपासून सांग."

मी सांगायला लागले. म्हटलं, काका, कड सरळ नाही, पोळी फाटल्यासारखी आहे. तिच्यापाशी खळगे आहेत, खूप, भाताला उकळी येऊन आटल्यावर पडतात तसे. एकाच्या मधोमध एक टोक आहे, उजेडात. टोकाची सावली पडलीय. इकडे उजवीकडे सगळं गुळगुळीत, करडं. सांगता सांगता चंद्र सरकत होता, तो सरकतोच, नळी त्याच्यामागे कुणीतरी न्यावी लागते. मला ते भानच राहिलं नाही. बघता बघता कड गेली, खळगे गेले, आणि समोर नुसतं निळसर रिकामं उरलं. मी बोलायची थांबले. आता यांना काय सांगू? डोळे भरून आले.

"गेला ना?" काकांनी विचारलं.

मी हं म्हटलं. त्यांनी नळीवरचा हात थोडा वर सरकवला, जरा थांबले, आणि नळी बोटभर पश्चिमेला ढकलली. एका कडेने उजेड आत आला. मग खळगे. मग ते टोक, सावलीसकट.

"आला?"

"आला, काका."

"मग सांग पुढे."

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले.